कार्ब मोजायला शिकवण्याआधीची तयारी

पहिली तयारी औषधांच्या यादीची. मधुमेहींना ताटातले कार्ब, म्हणजे कर्बोदकं, मोजायला शिकवणाऱ्या या वर्गाला येणाऱ्या प्रत्येकाकडून चालू गोळ्या आणि इन्सुलिनची नावं आधीच मागवून घ्या; पाकिटांचा फोटो पाठवला तरी चालेल. कार्बचा आकडा काढून पुढे त्याचं करायचं काय, हे या यादीवरून ठरतं, आणि ते ठरल्याशिवाय शिकवायला उभं राहण्यात अर्थ नाही. जेवणाआधीच्या इन्सुलिनचा डोस ज्याला कार्बच्या हिशेबाने ठरवायचा आहे, त्याला ग्रॅममध्ये मोजता यायलाच हवं. ठरलेल्या डोसचं मिक्स इन्सुलिन (लवकर आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं मिश्रण) किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशी गोळी घेणाऱ्याच्या पोटात रोज साधारण त्याच वेळी साधारण तेवढेच कार्ब जायला हवेत. जेवण चुकलं तर त्याची शुगर लो होऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्याला ती भीती फारशी नसते. त्याला एकेका ग्रॅमच्या हिशेबात गुंतवणं म्हणजे उगाच छळ. ताटातला कोणता पदार्थ शुगर वाढवतो आणि किती वाढला म्हणजे जास्त होतो, एवढं त्याला पुरतं. हे तिघे शेजारी-शेजारी बसणार असतील तर निदान उदाहरणं तरी तिघांची वेगवेगळी काढून ठेवा.

याच यादीत दोन ठिकाणी लाल खूण करा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी घेणाऱ्याने वर्गातून घरी जाऊन उत्साहाच्या भरात कार्ब एकदम तोडले, तर शुगर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचून जिवावर बेतू शकणारी अवस्था, होऊ शकतो. आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीबरोबर अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही गोळी चालू असेल, तर लो झालेल्या शुगरवर साखर लवकर काम करत नाही, ग्लुकोजच लागतं. किती ग्रॅमला किती युनिट हे प्रमाण डॉक्टरांनी लिहून दिलेलं असावं. वर्गात ते काढायला बसू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

औषधांबरोबरच तीन दिवसांच्या खाण्याची नोंद मागवा, त्यातला एक दिवस सुट्टीचा. काय खाल्लं, किती वाजता, कोणत्या भांड्यात, बस्स. ग्रॅम आत्ताच लिहायला लावू नका. नोंद हातात आली की ‘हे कशाला खाल्लंत?’ हा प्रश्न गिळून टाका, नाहीतर पुढची नोंद सोज्वळ आणि खोटी येईल. घरात स्वयंपाक दुसरं कोणी करत असेल तर त्या व्यक्तीलाही बोलवा. मी तर म्हणेन, दोघांपैकी एकालाच येणं जमणार असेल तर वाढणाऱ्याला बोलवावं.

सामान फार लागत नाही. ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा, त्याचे जादा सेल, मापाचे कप, कॅल्क्युलेटर. ताट आणि वाटी प्रत्येकाने घरून आणावी, रोजच्या वापरातली. तुमच्या मापाच्या कपाने शिकलेलं वर्गातच राहतं. स्वतःच्या वाटीत कुठपर्यंत भरलं की किती होतं, हे दिसलं तर ते घरी जातं.

शिजवलेला भात मात्र नक्की ठेवा, कारण त्या एकाच पदार्थावर अर्धा धडा होतो. १०० ग्रॅम कोरड्या तांदळात साधारण ८० ग्रॅम कार्ब असतात. शिजताना तांदूळ पाणी शोषून अडीच-तीन पट वजनाचे होतात, म्हणून १०० ग्रॅम शिजलेल्या भातात २८ ग्रॅमच्या आसपास कार्ब उतरतात. पाकिटावरचा आकडा सहसा कच्च्या तांदळाचा आणि ताटात पडतो तो शिजलेला, त्यामुळे कागदावर चोख वाटणारा हिशेब जवळजवळ तिपटीने चुकतो. दुसरा घोळही याच काट्यावर उघडा पडतो. काटा १०० दाखवतो तेव्हा ‘शंभर ग्रॅम कार्ब’ असं कोणीतरी हमखास म्हणणार. अन्नाचं वजन वेगळं आणि त्यातल्या कार्बचं वेगळं, हे फळ्यावर लिहून डोक्यात शिरत नाही. दोन रंगांच्या चिठ्ठ्या करून ठेवा: निळीवर अन्नाचं वजन, पिवळीवर त्यातले कार्ब. भात १५०, पिवळी ४२. उकडलेला बटाटा १००, पिवळी २०. दूध २४० मिलिलिटर, पिवळी १२, आणि इथे बरेच जण चमकतात, कारण दूध त्यांच्या हिशेबात नसतंच. उकडलेलं अंडं ५०, पिवळी जवळपास शून्य.

काटा लगेच बाहेर काढू नका. आधी प्रत्येकाने रोज घेतो तेवढा भात स्वतःच्या ताटात वाढून घ्यावा, अंदाज कागदावर लिहावा आणि मगच वजन करावं. अंदाज आणि काटा यांतला फरक ज्याने स्वतः पाहिला, त्याची नजर लवकर तयार होते. ज्यांना आकडेमोड नकोशी वाटते त्यांच्यासाठी १५ ग्रॅम कार्बचा एक हिस्सा धरा: मापाचा एक तृतीयांश कप भात, एक लहान सफरचंद किंवा ब्रेडचा एक स्लाइस. मध्यम आकाराचं केळं जवळजवळ दोन हिश्शांचं, हे आधीच सांगून टाका. तो प्रश्न येणारच आहे.

रिकामी पाकिटं आठवडाभर आधीपासून जमवा. त्यात ‘शुगर फ्री’ लिहिलेलं बिस्किटांचं पाकीट हवंच, कारण साखर नसली तरी पिठाचे कार्ब जागेवरच असतात. साखरेची ओळ एकूण कार्बमध्ये धरलेली असते, तरी दोन्हींची बेरीज करणारे निघतात. फायबरच्या बाबतीत लेबल कुठलं ते पाहा: अमेरिकेतल्या लेबलवर ते एकूण कार्बमध्ये मोजलेलं असतं, युरोपात वेगळं दाखवतात.

वर्गाची वेळ जेवणाच्या तोंडावर ठेवू नका. मधल्या वेळचं खाणं कोणाचं चुकत असेल तर सोबत आणायला सांगा. खोलीत ग्लुकोमीटर, स्ट्रिप आणि ग्लुकोजच्या गोळ्या हाताशी असू द्या. शुगर ७० च्या खाली आली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासणी, तरी खालीच असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. एका गोळीत किती ग्रॅम ते डबीवर आधीच वाचून ठेवा. ४ ग्रॅमची असेल तर चार गोळ्या लागतात.

द्यायचा कागद एकच, मोठ्या अक्षरात. मधुमेहात नजर अधू झालेले वर्गात असू शकतात. त्यावर शंभर पदार्थांचा तक्ता नको. तीन दिवसांच्या नोंदीत ज्याच्या त्याच्या ताटात वारंवार आलेले आठ-दहा पदार्थ पुरे, आणि समोर आकडा त्याच्याच वाटीच्या मापाने, त्याच्याच हाताने लिहिलेला. कळलं का, असं विचारलं की सगळे हो म्हणतात. त्याऐवजी शेवटी एक वाढलेलं ताट समोर ठेवा आणि हे घरी कसं समजावून सांगाल ते विचारा.

दुसऱ्या भेटीची तारीख पहिल्याच दिवशी द्या, फार लांबची नको. तोपर्यंत एकच जेवण निवडायचं, त्याचे कार्ब लिहायचे आणि ज्यांच्याकडे मीटर आहे त्यांनी त्या जेवणाआधीची व सुरुवातीपासून दोन तासांनंतरची शुगर शेजारी टिपायची. मीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, म्हणून १४८ आणि १६० यांवरून निष्कर्ष काढू नका, असं त्याच कागदाच्या तळाशी लिहून ठेवा. बाकीची जेवणं तोवर मोजायची नाहीत.