टाकीत उतरण्याआधी: श्वासाची तयारी

रासायनिक कारखान्यातल्या रिअ‍ॅक्टरमध्ये किंवा साठवण टाकीत माणूस उतरवायचा असेल, तर बाहेरून पाण्याच्या जेटने काम भागतं का, हे आधी बघा. भागत नसेल तर टाकीला येणारी प्रत्येक लाइन फ्लँजपाशी (पाइपच्या बोल्ट लावलेल्या जोडापाशी) खोलून ब्लाइंड, म्हणजे पाइप बंद करणारी भरीव चकती, टाका. नुसता व्हॉल्व्ह आवळून चालत नाही; व्हॉल्व्ह गळतात, आणि नायट्रोजन गळला तर त्याला वासही नसतो. अ‍ॅजिटेटरच्या (आतलं मिश्रण ढवळणाऱ्या यंत्राच्या) मोटरला कुलूप घाला, किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात. ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडा. हवा सुधारावी म्हणून आत ऑक्सिजनचा सिलिंडर मात्र कधीही सोडू नका, एका ठिणगीने अंगावरचे कपडे पेटतात.

मग वायू मोजायचा मीटर. वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी मोजा, कारण हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो. त्याच्या वासावर तर बिलकूल विसंबू नका: 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं. आधी ऑक्सिजन बघा. तो 19.5 ते 23.5 टक्क्यांत हवा. तो कमी असेल तर ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर खोटाच कमी आकडा दाखवतो. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजा. सकाळचा आकडा सकाळपुरता.

आता मास्क. मास्कला लावायचं कार्ट्रिज (गाळणीचा डबा) हवा गाळतं, ऑक्सिजन तयार करत नाही. ऑक्सिजन कमी असेल किंवा आत काय आहे ते कळत नसेल, तर पाठीवरचा हवेचा सेट किंवा बाहेरून हवा पुरवणारी एअरलाइन, आणि एअरलाइनसोबत बाहेर पडण्यापुरती छोटी बाटली. पाठीवरच्या सेटच्या 6 लिटरच्या सिलिंडरमध्ये 300 बार दाबाला साधारण 1800 लिटर हवा मावते. मिनिटाला 40 लिटर धरले तर 45 मिनिटं, पण ती कागदावर. 55 बारच्या सुमारास सेटची इशाऱ्याची शिटी वाजते, त्यानंतरची हवा फक्त बाहेर येण्यासाठी. म्हणजे हाताशी 36 मिनिटं, आणि धाप लागली तर त्याहून कमी. सिलिंडर उघडून बंद करा आणि मिनिटभर गेज बघा. काटा 10 बारपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी गळती आहे. मग हवा हळूहळू सोडून शिटी वाजते का तेही ऐका.

दाढी त्याच सकाळी केलेली हवी. एका दिवसाचे खुंटही कडेने फट पाडतात, चष्म्याच्या काड्याही. मॅनहोल अरुंद म्हणून पाठीवरचा सेट काढून मागून आत द्यायची युक्ती कुणी सुचवली, तर काम तिथेच थांबवा आणि एअरलाइन मागवा.

हार्नेसची (अंगावरच्या पट्ट्यांची) दोरी ट्रायपॉडच्या (मॅनहोलवरच्या तिपाईच्या) विंचला, म्हणजे दोरी ओढून गुंडाळणाऱ्या चरकाला, अडकवलेली हवी. बाहेरच्या पहारेकऱ्याला स्पष्ट सांगा: आतला माणूस कोसळला तर विंच फिरवायची, हाका मारायच्या, आत उडी घ्यायची नाही. सुटकेसाठी जाणाऱ्याचा दुसरा सेट भरलेला, तपासलेला आणि मॅनहोलपाशीच ठेवलेला असावा, स्टोअरच्या कपाटात नव्हे.