शोधाच्या गोष्टीतला उजवा रकाना

पूर्वी मी शोधांची टिपणं काढताना नुसत्या सनावळ्या उतरवायचे. वही भरायची, कळायचं काहीच नाही. आता पान उभं दुमडते. डावीकडे काय सापडलं ते. उजवीकडे पैसा कुणाचा, आत कोणाला प्रवेश, कुणाच्या शब्दाला किंमत आणि दडवलं काय.

अटलांटिकचा तळ घ्या. डावीकडे एकच ओळ: समुद्राखालच्या पर्वतरांगेच्या माथ्यावर दरी आहे. उजवीकडे मात्र जागा पुरत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुड्यांच्या धास्तीनं अमेरिकी नौदलानं समुद्रतळ मोजायला पैसा ओतला. मोजणीच्या जहाजांवर बायकांना घेत नसत, म्हणून नकाशे काढणारी भूवैज्ञानिक मेरी थार्प किनाऱ्यावरच राहून इतरांनी आणलेले खोलीचे आकडे कागदावर मांडत होती. १९५२च्या सुमारास तिला ती खाच दिसली. सहकारी ब्रूस हीझननं ‘बायकी बडबड’ म्हणून उडवून लावलं. दरी म्हणजे तळ तिथे फाटतोय; ते मानलं, तर खंड सरकतात हे जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरचं १९१२चं बदनाम म्हणणं मानावं लागणार होतं ना! तो वरमला कशानं? टेलिफोनच्या केबल कुठे टाकाव्यात यासाठी भूकंपांचा नकाशा बनत होता. ते ठिपके नेमके दरीत पडले.

दडवलेलंही लिहाच. खोलीचे तपशीलवार नकाशे नौदलानं गुप्त ठेवले, म्हणून थार्पनं पाणी आटल्यावर दिसेल तसा तळ चितारला. माझ्या मते बंदीचा हा फायदाच झाला. असलं चित्र कुणालाही कळतं.

उजवा रकाना भरला की चेव येतो, विज्ञान म्हणजे नुसती सत्ता वाटायला लागते. तेव्हा प्रत्येक ओळीपुढे लिहा: यानं शोधाची वेळ नि श्रेय ठरलं, की दरी असणं-नसणं? सोव्हिएत संघात १९४८ साली लायसेंको या शेतीतज्ज्ञाच्या गटानं सरकारी वरदहस्तावर जनुकशास्त्र बंद पाडलं. जनुकं चालूच राहिली.

आणि खलनायक ठरवायची घाई नको. व्हिएन्नात १८४७मध्ये सेमेलवाइस या डॉक्टरनं इतर डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले, बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले, तरी अनेकांनी ऐकलं नाही. मी उजवीकडे ‘डॉक्टरांचा अहंकार’ लिहून मोकळी झाले होते. त्यानं स्वतःचा ग्रंथ छापला तो थेट १८६१मध्ये, ही ओळ मागाहून समासात कोंबावी लागली.