जुनी गाडी दहा वर्षं चालवायची असेल तर: आधी निदान, मग पाना

वापरलेली गाडी घेऊन ती आठ-दहा वर्षं सांभाळणं हिशेबाने फायद्याचं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नव्या गाडीची किंमत सगळ्यात वेगाने घसरते ती पहिल्या काही वर्षांत, आणि तो तोटा आधीच्या मालकाने सोसलेला असतो. मग जुन्या गाडीला 'पांढरा हत्ती' म्हणणारे इतके लोक का भेटतात? त्यांच्या पावत्या मागून बघा. झिजलेल्या भागांवर बेताचा खर्च झालेला असतो आणि धडधाकट भाग बदलण्यावर भरमसाट. सेन्सर बदलला, फरक नाही. पंप बदलला, फरक नाही. शेवटी सापडला तो चिरलेला रबरी पाइप.

गाडी नीट तपासून, कागदपत्रं पाहून घेतली आहे असं धरून पुढचं लिहितो आहे.

१. पहिल्या महिन्यात पाटी कोरी करा

'आत्ताच सर्व्हिसिंग केलंय' या वाक्याला पावती जोडलेली नसेल तर ते काम झालेलंच नाही असं समजायचं. इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि गिअरबॉक्सचं ऑइल एकदाच बदलून टाका आणि किलोमीटर लिहून ठेवा. इथून पुढची मोजणी तुमची.

ब्रेक ऑइलकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हमी १५५ अंशांवर येते. लांबलचक उतारावर ब्रेक तापले, ऑइलमध्ये वाफ झाली, की पेडल थेट तळाला जातं. दर दोन वर्षांनी बदला, रंग कसाही दिसो.

इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ टायमिंग चेन राखते की बेल्ट, हे पहिल्या आठवड्यात शोधा. बेल्ट असेल आणि तो बदलल्याची पावती नसेल तर लगेच बदला. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) सोबत घ्या, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही, कारण मजुरी तीच असते. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि अर्धं इंजिन उघडावं लागतं. बेल्टला किलोमीटरसोबत वर्षांचीही मुदत असते. कमी चाललेली गाडी म्हणून ती टळत नाही.

टायरच्या बाजूवरच्या चार आकड्यांत त्याचं वय असतं: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी छान दिसत असली तरी दहा वर्षांचा टायर ठेवू नका.

२. वही आणि गंगाजळी

वहीत तारीख, किलोमीटर, काम आणि खर्च, एवढंच लिहा. त्यातून दरमहा किती बाजूला टाकायचं ते निघतं. टायरचा संच पाच वर्षं टिकतो असं धरलं तर त्याच्या किमतीला ६० ने भागा; बॅटरी चार वर्षं, तर ४८ ने. ब्रेक, क्लच, शॉक अॅब्सॉर्बर, टायमिंग बेल्ट यांचं असंच करा आणि सगळी बेरीज महिन्याला वेगळी ठेवा. 'गाडीने अचानक खर्च काढला' असं जे म्हणतात, त्यातला निम्मा खर्च आधीच ठाऊक असलेला असतो.

३. नेहमीची देखभाल

गाडीसोबतच्या पुस्तिकेप्रमाणे करा. मात्र धूळ, कडक ऊन, सततची वाहतूक कोंडी किंवा रोजची जेमतेम चार किलोमीटरची फेरी असेल तर त्यातला 'खडतर वापरा'चा तक्ता तुमचा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलला 'लाइफटाइम' म्हटलेलं असलं तरी मी ते बदलतो. लाइफ नेमकं कुणाचं, ते कुणी सांगत नाही.

४. बिघाड आला की आधी निदान

घोडं अडतं ते इथेच. खरा पैसा इथे वाचतो किंवा जातो, आणि या एका पायरीवर मी स्वतः सगळ्यात जास्त काळ अडखळलो.

चेक इंजिनचा दिवा लागतो. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला कुणीतरी स्कॅनर लावतं, पी०१७१ असा कोड येतो आणि लगेच निकाल लागतो: 'ऑक्सिजन सेन्सर गेला.' कोडने असं म्हटलेलंच नसतं. पी०१७१ म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. ऑक्सिजन सेन्सरने ते पाहिलं आणि कळवलं. बहुतेक वेळा तो आपलं काम चोख करत असतो. कोड लक्षण सांगतो, पार्टचं नाव सांगत नाही. ताप आल्यावर थर्मामीटर बदलून काय होणार?

म्हणून त्याच स्कॅनरवर पुढचं पान उघडायला सांगा: फ्युएल ट्रिम. इंजिनचा कॉम्प्युटर मूळ हिशेबापेक्षा किती टक्के इंधन वाढवतोय किंवा घटवतोय, तो हा आकडा. शून्याच्या आसपास, फार तर दहा टक्के इकडेतिकडे असेल तर ठीक. गाडी उभी असताना, आयडलिंगला तो +२० टक्क्यांच्या पुढे आहे आणि अडीच हजार आरपीएमला शून्याकडे उतरतो? मग कुठून तरी चोरून हवा आत जातेय: चिरलेला पाइप, सैल क्लॅम्प, मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट. उलट, आयडलिंगला बरा आणि चढावर भार पडला की वाढतो? मग इंधन कमी पोचतंय किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय. दहा मिनिटांच्या या तपासणीने पंप, सेन्सर, इंजेक्टर अशी रांगेने होणारी खरेदी थांबते.

दिवा लागला म्हणून कोड पुसून टाकू नका. कोडसोबत त्या क्षणाची नोंद साठवलेली असते: आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं, वेग किती, भार किती. पुसलं की तीही जाते. बॅटरीची वायर काढून दिवा घालवण्याचा सल्ला देणाऱ्याकडे गाडी परत नेऊ नका.

गाडी मिसिंग करत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसेल, तर निदान फुकट होतं. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल तर इंजिन बंद करून दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपसात बदला आणि गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. ती एकच घ्या. कोड जागचा हलला नाही तर प्लग आपसात बदला. तरीही हलला नाही तर इंजेक्टर, आणि मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडर दाब धरतो का याची चाचणी. ही पद्धत ठाऊक असलेला माणूस चारही कॉइल आणि चारही प्लग एकदम विकत घेत नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन भाग एकत्र बदलून गाडी सुधारली तर आनंद होतो खरा, पण दोष कशात होता ते कधीच कळत नाही, आणि तोच दोष परत आला की सगळं पहिल्यापासून.

पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर शुद्ध करणारा भाग, कमी पडतोय. हा कोड दिसला की कन्व्हर्टर बदलायला सांगतात. तो महाग असतो, आणि तो का मेला हे कुणी विचारत नाही. सायलेन्सरच्या पाइपात कन्व्हर्टरच्या आसपास कुठे गळती असेल तर चांगला कन्व्हर्टरही नापास ठरू शकतो. इंजिन ऑइल जाळत असेल किंवा जुनं मिसिंग दुरुस्त न करता गाडी पळवली असेल, तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जाईल. आधी कारण, मग कन्व्हर्टर.

बॅटरीचं तेच. दर वर्षी नवी बॅटरी घेणारे लोक मी पाहिलेत. साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं. बारा-साडेबारावरच अडकलं तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर), त्याचा बेल्ट किंवा वायरिंग बघा. चार्जिंग ठीक आहे आणि तरी सकाळी सेल्फ लागत नाही, तर उभ्या गाडीत वीज कोण खातंय ते शोधा. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, कॉम्प्युटर झोपू द्या, मग प्रवाह मोजा. ५० मिलिअँपिअरच्या बराच वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, त्या वायरवर चोर आहे. बऱ्याचदा तो नंतर बसवलेला म्युझिक सिस्टिम किंवा अलार्म निघतो.

आता इंजिन तापण्याबद्दल, आणि इथे मी कुणाचंही 'थोडं पाणी घाला, होईल ठीक' ऐकून घेत नाही. काटा वर गेला की गाडी तिथेच थांबवा, इंजिन बंद. 'घर दोनच किलोमीटरवर आहे' म्हणून चालवलेल्या दोन किलोमीटरमध्ये अॅल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकतं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली, शंभर अंशांच्या वर असतं आणि तोंडावर उसळतं. थंड झाल्यावर पातळी बघा. पातळी ठीक, पण गाडी फक्त उभी असताना तापते, तर पंख्याकडे संशय. वेगातही तापते, तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), तुंबलेला रेडिएटर किंवा वॉटर पंप. कूलंट कमी होतंय आणि जमिनीवर थेंबही नाही, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे हेडखालच्या सीलचा, संशय. पण लगेच हेड उतरवू देऊ नका. कूलंटवरच्या हवेत इंजिनातला जळका वायू आहे का, हे रंग बदलणाऱ्या द्रवाने तपासतात: निळा द्रव पिवळा झाला तर गॅस्केट फुटलेलं. द्रव निळाच राहिला तर आधी रेडिएटरचं झाकण आणि हीटरचा होज तपासा. झाकणाची स्प्रिंग सैल पडली की दाब टिकत नाही, कूलंट उकळून निघून जातं, आणि सगळी लक्षणं मोठ्या आजारासारखी दिसतात.

मेकॅनिककडे जाताना उपाय घेऊन जाऊ नका, लक्षण घेऊन जा. 'बेअरिंग बदला' म्हणालात तर तो बेअरिंग बदलेल. आवाज टायरचा असला तरी. 'साठच्या पुढे घुमल्यासारखा आवाज येतो, डावीकडे वळताना वाढतो, उजवीकडे कमी होतो' असं सांगितलं तर जाणता माणूस उजव्या चाकाचं बेअरिंग आधी बघेल, कारण डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. थंड असताना की गरम, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, पावसातच की नेहमी, हे वहीत लिहा. आवाज तिथे निघत नसेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून फेरी मारा.

आणि प्रत्येक महागड्या सल्ल्यावर एकच प्रश्न विचारा: 'हाच भाग खराब आहे, हे कशावरून ठरवलं?' मोजमाप, चाचणी, अदलाबदल, काहीही उत्तर चालेल. 'या मॉडेलला हाच प्रॉब्लेम असतो' हे अर्धंच उत्तर आहे. निदानाचे वेगळे पैसे मागणारा मेकॅनिक मला आवडतो. तो पार्ट विकून नव्हे, डोकं चालवून कमावतो.

५. सुटे भाग

ब्रेक, स्टिअरिंग आणि टायरमध्ये स्वस्त शोधू नका. सेन्सर शक्यतो मूळ पुरवठादाराचाच घ्या. नकली सेन्सर नवं कोडं घालतो. आरसा, दरवाजाचं हँडल, सीट, काच हे भंगारातल्या गाडीतून खुशाल आणा. ब्रेक पॅड आणि शॉक अॅब्सॉर्बर एका अॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे एकत्रच बदलतात.

६. कधी थांबायचं

'दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त झाली की विका', हा नियम मला पटत नाही. जुन्या गाडीची विक्रीकिंमत नगण्यच असते. तिच्याशी तुलना केली तर नवे टायरही परवडत नाहीत. दुरुस्तीनंतर गाडी किती महिने चालेल त्याने खर्चाला भागा, आणि बदली गाडीचा महिन्याचा भार शेजारी मांडा: घसरणारी किंमत, कर्जाचं व्याज, वाढलेला विमा. दुसरी गाडीही वापरलेलीच घेणार असाल तर वरची पहिली पायरी पुन्हा करावी लागेल, तोही खर्च त्यात धरा. गेल्या वर्षी या गाडीत घातलेले पैसे मात्र दोन्हीकडे मोजायचे नाहीत. ते गेले.

क्लच, सस्पेन्शन, अल्टरनेटर यांच्यासाठी चांगली गाडी विकायची नसते. इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर आकडेमोड करा, आणि त्याआधी गाडी लिफ्टवर घेऊन खालचा पत्रा बघा. दरवाजाखालच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेलं असतं ते कोपरे. रंग फुगलेला असेल तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाजाऐवजी भसका आवाज आला तर टोक दाबून पाहा. वरवरचा तांबडा गंज घासून, रंगवून थांबवता येतो. टोक आत गेलं तर ती गाडी धडकेत तुम्हाला वाचवणार नाही, आणि तिच्यात नवं इंजिन बसवण्यात अर्थ नाही.