घरचं ऑटोमेशन बाहेरून चालवायचंय? आधी राउटरचा वॅन आयपी बघा

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट (घरची उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) बसवला, घरच्या वायफायवर दिवे-पंखे चालू-बंद होऊ लागले, की पुढची मागणी ठरलेली: हेच बाहेरून करता यायला हवं. नवखे इथे डक डीएनएस या डायनॅमिक डीएनएस सेवेवर घरच्या आयपीसाठी नाव घेतात आणि होम असिस्टंटचा ८१२३ पोर्ट फॉरवर्ड करून टाकतात, म्हणजे त्या पोर्टवर बाहेरून येणारं सगळं राउटरला थेट पायकडे पाठवायला सांगतात. त्याआधी एक तपासणी करा.

राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवरचा आकडा ताडून बघा. जुळले तर उत्तम. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता कंपनीने बऱ्याच ग्राहकांत वाटलाय. डायनॅमिक डीएनएस फक्त नावाला पत्ता जोडतो. पत्ताच तुमचा एकट्याचा नसेल तर फॉरवर्डिंग कितीही नीट करा, डेटाचं पॅकेट घरापर्यंत पोचत नाही. आपल्याकडच्या घरगुती फायबरवर हे सर्रास दिसतं. अशा वेळी जादा पैसे भरून स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घ्या, नाहीतर टेलस्केल ही तुमच्या उपकरणांचं खासगी जाळं जोडणारी सेवा वापरा. त्यात पोर्ट उघडावाच लागत नाही. वॅन आयपी १९२.१६८ने सुरू होत असेल तर बहुधा कंपनीचा ओएनटीच (फायबरची तार ज्यात येते तो डबा) राउटर बनून बसलाय. तो ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो फक्त जोडणी पुढे देईल.

पत्ता तुमचाच निघाला तर राउटरमध्ये पायचा आयपी राखीव करा आणि पायवर दर पाच मिनिटांनी डक डीएनएसची अपडेट लिंक बोलावणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावा. लिंकमधलं टोकन (तुमचा गुप्त संकेत) कुठल्याही स्क्रीनशॉटमध्ये जाऊ देऊ नका. ते ज्याच्या हाती लागेल, तो तुमचं नाव स्वतःच्या पत्त्याकडे वळवू शकतो.

८१२३ मात्र इंटरनेटवर उघडू नका. पायवर वायरगार्ड हे व्हीपीएन (फोन आणि घर यांच्यातला सुरक्षित टनेल) बसवा आणि फक्त यूडीपी ५१८२० फॉरवर्ड करा. ओळखीची गुप्त किल्ली (की) नसलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट धुंडाळणाऱ्यांना तिथे काही आहे याचा पत्ता लागत नाही. टनेलमधून कॅमेरेही बघायचे असतील तर पायवर आयपी फॉरवर्डिंग (पॅकेट पुढच्या उपकरणाकडे पाठवणं) आणि मास्करेड (ते पायच्याच पत्त्याने पाठवणं) सहसा दोन्ही लागतात.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो सबनेट, म्हणजे घरच्या आयपींचा पट्टा. घरी १९२.१६८.१ आणि ऑफिसच्या वायफायवरही तोच, मग फोन पॅकेट टनेलमध्ये न टाकता तिथल्या तिथेच शोधत बसतो. उपकरणं वाढण्याआधीच घरचा सबनेट १९२.१६८.५७ असा काहीतरी वेगळा करून ठेवा. नंतर बदलायचं म्हणजे प्रत्येक स्मार्ट प्लगची सेटिंग्ज तपासत बसा.

चाचणी मोबाइल डेटावरून करा. घरच्या वायफायवरून स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्याकडे जाणं अनेक राउटरना जमत नाही, आणि चांगला चालणारा सेटअप बंद वाटतो. हँडशेक होतो (टनेल जुळतो) पण पान उघडत नाही, असं झालं तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४२०वरून १२८०वर आणून बघा. वीज जाऊन आल्यावर जोडणी तुटलेली दिसली तर बहुधा राउटरला नवा आयपी मिळालेला असतो. वायरगार्ड डक डीएनएसच्या नावामागचा पत्ता साधारणपणे टनेल सुरू करतानाच शोधतो, म्हणून डक डीएनएसवर नवा आयपी चढला की फोनवरचा टनेल बंद करून पुन्हा चालू करा.