जुन्या येझदीचं विस्कटलेलं वायरिंग: रंग सोडा, टोकं धरा

म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ ते १९९६ या काळात काढलेल्या जावा आणि येझदी मोटरसायकली आता पुन्हा रस्त्यावर येऊ लागल्या आहेत. इंजिन उघडणारे मिस्त्री अजून सापडतात, गाडी अडते ती वायरिंगपाशी. हेडलाइटचा डूम उघडला की टेपखाली पिळलेले जोड दिसतात, लाल तार अर्ध्यावर निळी झालेली असते आणि एखादी तार कुठेच न जाता तशीच लोंबत असते. बाजारातून तयार वायरिंग आणलं तरी त्याचे रंग जुन्या स्विचशी जुळतीलच असं नाही. हे सगळं घरी नीट करता येतं. फक्त घाई नको आणि कटर शेवटपर्यंत खिशात राहू द्या.

इथे ६ व्होल्ट बॅटरी आणि डायनॅमोवाली गाडी धरली आहे. दुसरी जुनी गाडी असली तरी पद्धत हीच, जोडण्या मात्र त्या गाडीच्या बघायच्या.

सर्वांत आधी रंगांवरचा विश्वास सोडा. तपकिरी तारच घ्या. जर्मन पद्धतीत ती अर्थ, म्हणजे चॅसीला जोडलेली परतीची तार. ल्यूकस या विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या ब्रिटिश पद्धतीत बॅटरीकडून येणारा सप्लाय. यामाहात चावी फिरवल्यावर मिळणारा पॉझिटिव्ह. काळी तार यामाहात अर्थ, तर होंडात चावीनंतरचा पॉझिटिव्ह आणि तिथे अर्थ हिरवी. चाळीस वर्षांत तुमच्या गाडीला यातल्या कुठल्याही गाडीचा तुकडा लागलेला असू शकतो. तारेची खरी ओळख तिच्या दोन टोकांवरून होते.

जावाची जमेची बाजू अशी की तिच्या जोडण्यांना आकडे आहेत आणि ते जर्मन डीआयएन ७२५५२ मानकाशी जुळतात. १ म्हणजे ठिणगीच्या कॉइलकडून पॉइंटकडे, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काकडे, जाणारी तार. १५ म्हणजे चावीनंतरचा पॉझिटिव्ह, ३० बॅटरीचा पॉझिटिव्ह, ३१ अर्थ. ५६ हेडलाइट, ५८ टेल लॅम्प आणि पार्किंग, ६१ चार्जिंगचा दिवा. रेग्युलेटरवर, म्हणजे मिस्त्री ज्याला कटआउट म्हणतात त्यावर, डी-प्लस आणि डीएफ असतात: पहिली डायनॅमोच्या आउटपुटची, दुसरी त्याच्या फील्डची, म्हणजे चुंबकत्व देणाऱ्या गुंडाळीची. स्विचचा मागचा भाग पेट्रोलने पुसा. मळाखाली बरेचदा हे आकडे अजून शाबूत असतात.

आता बॅटरी काढा आणि जे आहे ते जसंच्या तसं कागदावर उतरवा. डूमचे, कटआउटचे, डायनॅमोचे जवळून फोटो काढा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेप लावून एकच क्रमांक लिहा. वहीत चार रकाने पाडा: क्रमांक, इथून, इथपर्यंत, मध्ये जोड आहे का. रंगाचा रकाना हवाच असेल तर शेवटी ठेवा.

टोकं शोधायला मल्टिमीटर बझरवर ठेवायचा, पण त्याआधी सगळे बल्ब काढा आणि कॉइल व डायनॅमोच्या तारा सोडवा. यात आळस केला तर मीटर फसवतो. ६ व्होल्ट २५ वॅटच्या बल्बची फिलामेंट थंड असताना तिचा रोध एका ओहमच्याही खाली असतो, म्हणून बल्बमधूनही बझर वाजतो आणि हेडलाइटची तार थेट अर्थला जोडलेली भासते. बंद पॉइंटमुळेही असंच होतं. त्यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा.

चावीच्या स्विचचा वेगळा तक्ता करा. चावी प्रत्येक जागी फिरवून कोणते आकडे आपसात जोडले जातात ते तपासा. जिथे बझर तुटक वाजतो तिथे आतला संपर्क झिजलेला किंवा काळवंडलेला आहे. तो साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर निर्दोष तारांवर संशय घेत बसाल.

बल्बही वाचून घ्या. ६ व्होल्टचे बल्ब सहज मिळत नाहीत म्हणून १२ व्होल्टचे बसवलेले असतात, आणि मग दिवा मंद का म्हणून वायरिंगला दोष दिला जातो. ध्रुवताही तपासा. जावा-येझदीत बॅटरीचा निगेटिव्ह चॅसीला जातो, जुन्या बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टनमध्ये पॉझिटिव्ह. त्या गाड्यांवर काम केलेला हात इथे उलटी बॅटरी लावू शकतो.

नवी तार घेताना जाडीत कंजुषी करू नका. २५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर घेतो, तर ६ व्होल्टवर ४ अँपिअरहून जास्त. अर्धा चौरस मिलिमीटर तांब्याच्या दोन मीटर तारेत त्यामुळे जवळपास ०.३ व्होल्ट वाया जातात. सहामधले ०.३ गेले की उजेडात फरक डोळ्यांना दिसतो. दिव्यांना दीड आणि बॅटरीच्या मुख्य तारेला अडीच चौरस मिलिमीटर घ्या. टोकांना थिंबल (तारेवर दाबून बसवायचं धातूचं टोक) किंवा बुलेट कनेक्टर नीट दाबून बसवा, वर स्लीव्ह चढवा. पिळून टेप लावलेला जोड एकही ठेवू नका.

अर्थकडे मात्र थांबून लक्ष द्या, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. नव्याने रंगवलेल्या किंवा पावडर कोटिंग केलेल्या चॅसीत करंटला परतीची वाट उरत नाही. मूळ रचनेत हेडलाइटचा करंट ग्रीस भरलेल्या स्टिअरिंग बेअरिंगमधून परतत असेल, तर दिवा हँडलबरोबर लुकलुकतो. डूमपासून आणि टेल लॅम्पपासून स्वतंत्र अर्थ तार बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत आणा. इंजिनलाही एक द्या. बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत धातू दिसू द्या, बोल्ट आवळल्यावर वरून थोडं ग्रीस लावा. हे बाहेरून दिसत नाही म्हणून कुणी करत नाही, पण माझ्या मते सगळ्या कामात याच्याइतकी मोलाची दुसरी गोष्ट नाही.

मग जोडणी, एका वेळी एकच सर्किट. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर फ्यूजच्या जागी ६ व्होल्ट २१ वॅटचा ब्रेक लाइटचा बल्ब जोडा. कुठे थेट शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण उजळतो आणि तार जळत नाही. सर्किट ठीक असेल तर तो मंद राहतो किंवा लागतच नाही, मात्र हेडलाइट किंवा कॉइल जोडलेली असताना थोडा पेटेल, ते साहजिक आहे. आधी इग्निशन करा: ३० ते स्विच, १५ ते कॉइल, १ ते पॉइंट. मग टेल, हेडलाइट, डिपर, ब्रेक. हॉर्न शेवटी घ्या, कारण तिथे गफलत ठरलेली असते. या गाड्यांत हॉर्नला पॉझिटिव्ह सरळ मिळतो आणि बटण त्याला अर्थ देतं. बटणाला पॉझिटिव्ह आणून जोडलात तर दाबताक्षणी शॉर्ट. न्यूट्रलचा दिवाही याच तऱ्हेने पेटतो.

तपासताना चावी चालू ठेवून गप्पा मारत उभे राहू नका. पॉइंट बंद असले तर कॉइल तापत राहते.

सगळं जमलं की तो बल्ब काढून फ्यूज लावा. हेडलाइट, टेल, ब्रेक आणि कॉइल मिळून अकरा-बारा अँपिअर होतात, म्हणून १५ अँपिअरचा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार कधीही नको, बॅटरीवरून पेट्रोलच्या टाकीखालून जाणाऱ्या तारांचा प्रश्न आहे.

शेवटी चार्जिंग. लाल दिव्याच्या एका टोकाला १५ असतो, दुसऱ्याला ६१, म्हणजे डायनॅमो. इंजिन बंद असताना डायनॅमोचं टोक अर्थसारखं वागतं, म्हणून दिवा पेटतो. डायनॅमो बॅटरीच्या बरोबरीला आला की दोन्ही टोकांवर व्होल्टेज सारखं होतं आणि दिवा विझतो. चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही तर आधी बल्ब पाहा, मग ६१ ची तार. रेस वाढवूनही विझला नाही तर डी-प्लस आणि डीएफची अदलाबदल झाली आहे का ते बघा, नंतर ब्रश. इंजिन मध्यम गतीला असताना बॅटरीवर ७ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. साडेसातच्या वर जात असतील तर कटआउट बिघडलेला आहे. तो दुरुस्त होईपर्यंत गाडी लांब नेऊ नका, बॅटरी उकळेल.

हेडलाइट लावून वीस मिनिटं फिरून या, गाडी बंद करा आणि प्रत्येक कनेक्टरला बोट लावून बघा. जो कोमट लागेल तो पुन्हा नव्याने दाबा.