बेटावर फिरायला जाताय? आमच्या चुका तुम्ही करू नका

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही अंदमानला गेलो. गावातल्या एकाच्या स्टेटसवर हॅवलॉक बेटावरच्या राधानगर किनाऱ्याचे फोटो पाहिले आणि त्यानं घेतलं तेच पॅकेज आम्हीही घेतलं. आम्ही चार जण होतो. परत आल्यावर कळलं की सहलीत मनासारखं एकट्या बाबांचंच झालं होतं, आणि तेही चुकूनमाकून.

राधानगरला बाबा पंधरा मिनिटांत कंटाळले. "पाणीच पाणी हाय बावा, पाहू तरी किती!" पुढचा मुक्काम नील बेटावर होता, ज्याला २०१८ पासून शहीद द्वीप म्हणतात. पण हवा बिघडून बोट रद्द झाली आणि नीलच्या मुक्कामाचे उरले जेमतेम दोन तास. तिथला दगडी नैसर्गिक पूल ओहोटीला चालत जाऊन बघायचा असतो, आणि आम्ही पोचलो ते ऐन भरतीत. वेळ घालवायला ड्रायव्हरनं गाडी एका भाजीच्या वावराजवळ थांबवली. नील म्हणजे अंदमानची भाजीची परडी, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. बाबा धुऱ्यावर टेकले, वांग्याचं पान उलटं करून मावा कीड शोधू लागले. शेतकरी बंगाली, फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली बरीच कुटुंबं इथं वसवली गेली. दोघांचंही हिंदी मोडकंतोडकं, तरी फवारणीवर अर्धा तास गप्पा रंगल्या. शेवटी ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तेव्हा उठले.

पहिली चूक हीच. बेट आधी ठरलं, कोणाला काय आवडतं ते विचारलंच नाही. इतिहासाची ओढ असेल तर सेल्युलर जेलला निदान अर्धा दिवस द्या. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. पाण्यात उतरायची हौस असेल तर हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप. पहिल्यांदा स्कुबा (हवेची टाकी पाठीला लावून पाण्याखाली जाणं) करणाऱ्याला पोहता आलंच पाहिजे असं नाही, पण दहा वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नुसतं निवांत पडून राहायचं असेल तर लक्षद्वीप, मात्र तिथं आधी परमिट काढावं लागतं. समुद्राची धास्तीच असेल तर आसामातलं माजुली बघा. ब्रह्मपुत्रेतलं बेट, सत्रं म्हणजे वैष्णवांचे मठ, मुखवटे बनवणारे कारागीर. जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून बोट मिळते. आणि सगळ्यात सोपं आपलं मालवण: महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग बेटावरच आहे की!

दुसरी चूक महिन्याची. पोरांना सुट्ट्या म्हणून आपण मे धरतो. पण आपल्याकडं ऊन मी म्हणत असतं तेव्हा, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, मान्सून अंदमानात पोचलेला असतो. मग समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात. दिवाळीत आपलाच सोयाबीन-कापसाचा घोर असतो. तूर घरात आली की फेब्रुवारी-मार्चमध्ये निघा. समुद्रही तेव्हा शांत असतो. शाळेचं काय, हे मात्र ज्याचं त्यानं बघावं.

बोट रद्द होणं आपल्या हातात नाही, पण शेवटची रात्र हॅवलॉकला ठेवू नका. पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून श्री विजयपुरम) मुक्कामी या, नाहीतर बोटीसोबत परतीचं विमानही जाईल. मध्ये एक दिवस मोकळा ठेवता आला तर उत्तम.

घड्याळानंही आम्हाला फसवलं. जेवून, झोप काढून चारला बाहेर पडायची आपली सवय. तिथं साडेपाचला सूर्य बुडतो, डिसेंबरात तर पाचलाच. सकाळी मात्र पाच-सव्वापाचला लख्ख उजेड, त्यामुळं दिवस तेव्हाच सुरू करा.

भरती-ओहोटीचं गणित आपल्या गावीच नसतं, पण पंचांग तर घरात असतंच. कोकण किनाऱ्यासाठी ढोबळ हिशेब असा: तिथीला तीननं गुणून चारनं भागा. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अंदमानात हा हिशेब चालत नाही, तिथं हॉटेलवाल्याला विचारायचं. हॅवलॉकला रात्री काळोखात आपोआप चमकणारं पाणी बघायचं असेल तर अमावास्येच्या आसपासची तारीख धरा.

बोटीत बसायच्या अर्धा तास आधी उलटीची गोळी घ्या. आमच्या पोरानं समोसे हाणले आणि अख्खा प्रवास पिशवीत तोंड घालून काढला. रोख पैसे जवळ असू द्या. प्रवाळ, शंख-शिंपले किनाऱ्यावरून उचलून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं प्रवाळ आणि कितीतरी जातींच्या शंखांना संरक्षण आहे, विमानतळावर बॅग उघडायला लावतात.

आणि पैसे भरण्याआधी ट्रॅव्हलवाल्याला एवढं विचाराच: "नीलला मुक्काम आहे का?" तो "दोन तास पुरतात" म्हणाला, तर बाबांसारखं कोणी घरात असेल तेव्हा दुसरा ट्रॅव्हलवाला गाठा.