प्रेमकथांचं कपाट कसं लावावं

डोंबिवलीत मी बावीस वर्षं वाचनालय चालवतेय. प्रेमकथांची दोन कपाटं आहेत. ती लेखकांच्या आडनावांनी लावायचा मूर्खपणा मी पहिली तीन वर्षं केला. सभासद येऊन म्हणायचे, "ताई, मागच्यासारखंच दुसरं द्या." आता 'मागच्यासारखं' म्हणजे नेमकं कसलं, हे आडनावावरून थोडंच कळतं?

तुम्हालाही घरचं किंवा सोसायटीचं कपाट लावायचं असेल तर आधी शेवटची पाच पानं वाचा. दोघांतलं कुणी मेलं किंवा दोघं कायमची दुरावली, तर पुस्तक कितीही रडवणारं असो, ते 'सामाजिक'मध्ये टाका. अमेरिकेतली रोमान्स लेखकांची संघटनाही हेच दोन निकष लावते: गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं आणि शेवट मनाचं समाधान करणारा, आशेचा हवा. शेवट आधीच ठाऊक असेल तर वाचायचं कशाला, असं विचारणारे भेटतात. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची नाव वर येणार हे ठाऊक असतंच की, तरी आपण बसतोच ना!

मग कप्पे पाडायचे. मुखपृष्ठावर जाऊ नका. दोघांच्या मध्ये काय आडवं येतंय, एवढंच बघा.

लोकलाज, घराणं, वारसा आडवा येत असेल तर बहुधा ऐतिहासिक. त्यात 'रीजन्सी'ला वेगळा खण द्या, मागणी भरपूर असते. इंग्लंडात 1811 ते 1820 या काळात राजा तिसरा जॉर्ज आजारी असल्यामुळे त्याचा मुलगा कारभार बघत होता, तो हा काळ. एकाच पुरुषाबरोबर एका संध्याकाळी दोनपेक्षा जास्त नाच केले की कुजबुज सुरू. माझ्या आईला हे समजावून सांगावं लागलं नाही. जेन ऑस्टिन मात्र या खणात ठेवू नका. तिने आपल्याच काळाबद्दल लिहिलं, तिच्यासाठी ते ऐतिहासिक नव्हतं. त्या काळात मागे जाऊन गोष्टी रचायची वाट विसाव्या शतकात जॉर्जेट हेयरने रुळवली.

जिवावरचं संकट आडवं येत असेल तर रोमँटिक सस्पेन्स. इथे एक चाचणी करा: प्रेम काढून टाकलं तरी गोष्ट धडपणे उभी राहते का? राहिली तर ती रहस्यकथा, दुसऱ्या कपाटात. मोठा जुना वाडा, त्याचं काहीतरी लपवणारा मालक आणि नवीन आलेली मुलगी असेल तर गॉथिक. जुन्या इंग्रजी पेपरबॅकवर हे लांबूनही ओळखू येतं: रात्रीच्या वेळी वाड्यापासून पळणारी बाई आणि मागे एकाच खिडकीत दिवा. दोघांपैकी एक रक्तपिपासू किंवा लांडगा असेल तर पॅरानॉर्मल. ती पुस्तकं कॉलेजच्या मुली नेतात आणि उशिरा परत करतात.

उरलं ते समकालीन, आणि उरतं सगळ्यात जास्त. इथे आडवं येतं ते बहुतेक स्वतःचंच मन. डॉक्टर-नर्सच्या गोष्टी तेवढ्या वेगळ्या काढा. मिल्स अँड बूनवाले त्यांची स्वतंत्र मालिकाच काढतात.

'आधी भांडण मग प्रेम', 'सोयीचं लग्न' असले प्रकार कुठल्याही खणात सापडतात, म्हणून त्यांच्यासाठी कप्पा नको, आत चिठ्ठी चिकटवा. माझ्याकडे सोयीच्या लग्नाच्या गोष्टी सगळ्यात जास्त फिरतात. कांदेपोहे खाऊन लग्न ठरलेल्या बायकांना, आधी लग्न आणि मग ओळख, यात नवल काहीच वाटत नाही. पण पुढे काय होतं ते वाचायचं असतं.

शेवटचं काम पेन्सिलीचं. मागच्या पुठ्ठ्याच्या आत टिंबं द्या: चुंबनापर्यंत एक, दार बंद झालं तर दोन, दार उघडंच राहिलं तर तीन. हे मी फार उशिरा शिकले. झग्यातली सोज्वळ बाई मुखपृष्ठावर बघून एका सत्तरीच्या आजींना मी एक रीजन्सी दिली होती. चार दिवसांनी नात पुस्तक घेऊन आली. "आजी म्हणते, असलं घाणेरडं परत देऊ नका." मी ओशाळून रजिस्टरमध्ये जमा केलं. आमच्याकडे वाचलेलं पुस्तक ओळखू यावं म्हणून जो तो आपल्या ठरलेल्या पानावर खूण करतो. आजींचं पान 61. सहज उघडून पाहिलं, तर आकड्याभोवती पेन्सिलीचा गोल होता. पुस्तक पूर्ण वाचून झाल्याशिवाय आजी तो काढत नाहीत.